शर्यत मुलांची, जमीन कोणाची?

30 जुलै 2021 रोजी टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये बीएमएक्स सायकल शर्यतीची दोन पदके ब्रिटनकडे गेली. पुरुषांच्या शर्यतीत काई व्हाइट दुसरा आला आणि त्यानंतर लगेच झालेल्या स्त्रियांच्या शर्यतीत बेथ श्रीव्हर पहिली आली. अंतिम रेषा ओलांडल्यावर श्रीव्हरच्या पायांतले त्राण इतके गेले होते की तिला उभे राहता येईना. तेव्हा व्हाइटने तिला उचलून धरले. ते छायाचित्र जगभर छापले गेले. दोघांच्या जिद्दीची वर्णने झाली, आणि ती यथार्थच होती. परंतु हे दोन तरुण त्या रेषेपर्यंत ज्या वाटेने पोहोचले, त्या वाटेवर सरकारी क्रीडाधोरणाचा भाग किती आणि शेजारपाजारच्या माणसांचा किती, याचा हिशेब मांडण्यासारखा आहे. लहान मुलांना या खेळाची ओळख कोणी करून द्यावी, कोठे आणि कोणत्या अटींवर, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या हिशेबातच आहे.

बीएमएक्स म्हणजे बायसिकल मोटोक्रॉस. वीस इंची चाकांची, एकच गिअर आणि एकच ब्रेक असलेली बुटकी सायकल; मातीचे उंचवटे आणि कललेली वळणे असलेला तीनशे ते चारशे मीटरांचा मार्ग; एका वेळी जास्तीत जास्त आठ स्पर्धक; आणि जेमतेम अर्ध्या-पाऊण मिनिटात निकाल. उतारावरच्या फाटकाला पुढचे चाक टेकवून सर्वजण उभे राहतात, फाटक खाली पडते आणि शर्यत सुरू होते. पाहणाऱ्याला हा सारा गोंगाट आणि धूळ वाटावी. तथापि या खेळाला एक मोठे अप्रूप आहे. बहुतेक खेळ मोठ्यांनी केले आणि मुलांना शिकवले. हा खेळ मुलांनी केला आणि मोठ्यांनी तो त्यांच्याकडून घेतला.

1963 साली अमेरिकेत श्विन कंपनीने स्टिंग-रे नावाची छोट्या चाकांची सायकल बाजारात आणली. मोठी माणसे मोटरसायकली घेऊन मातीत जे करत होती, तेच या सायकलीवर बसून करता येते, असा शोध दक्षिण कॅलिफोर्नियातील मुलांना लागला. 1969 च्या जुलैत लॉस एंजल्सच्या पाम्स पार्क या सार्वजनिक उद्यानात काही मुलांना शर्यत लावायची होती. तेथे कामाला असलेल्या एका तरुण कर्मचाऱ्याने त्यांना ती लावून दिली. पुढच्या वर्षी लाँग बीच येथे स्कॉट ब्राइटहॉप्ट या तेरा वर्षांच्या मुलाने स्वतःच शर्यती भरवायला आरंभ केला. 1971 साली ‘ऑन एनी संडे’ हा मोटरसायकलींवरचा अनुबोधपट आला. त्याच्या सुरुवातीलाच मातीत सायकली उधळणारी मुले होती, आणि ते दृश्य पाहून गावोगावची मुले आपापल्या पडीक जागांकडे धावली. एक सार्वजनिक बाग, एक अडवणूक न करणारा नोकर आणि एक मोकळी जागा, एवढ्या भांडवलावर हा खेळ उभा राहिला. यातला उद्यानातला नोकर क्रीडा-इतिहासात सहसा तळटिपेत जातो. खरे तर तो मुख्य मजकुरात असायला हवा. त्याने मुलांना हाकलून दिले असते तर नियमाप्रमाणे त्याला कोणीही दोष दिला नसता.

पुढचा इतिहास मोठ्यांचा आहे आणि तो थोडक्यात सांगून भागते. 1974 आणि 1977 साली अमेरिकेत दोन प्रतिस्पर्धी संघटना निघाल्या, 1981 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ झाला, 1982 मध्ये अमेरिकेतील डेटन येथे पहिली जागतिक स्पर्धा भरली, 1993 मध्ये जागतिक सायकल संघटनेने हा खेळ आपल्या छत्राखाली घेतला आणि 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो दाखल झाला. दाखल होताना तो स्त्री-पुरुष दोघांसाठी एकाच वेळी दाखल झाला, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. पुरुषांच्या सायकल शर्यती 1896 च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून होत्या. स्त्रियांना त्यासाठी 1984 पर्यंत थांबावे लागले होते.

बाजाराने मात्र इतका वेळ घेतला नाही. 1982 साली ब्रिटनमध्ये रॅले कंपनीने बर्नर नावाची बीएमएक्स सायकल काढली. आपल्याकडच्या जुन्या पिढीला जी रॅले ठाऊक आहे तीच ही, नॉटिंगहॅमची. नाताळच्या भेटींच्या यादीत ती सायकल वरच्या क्रमांकावर गेली. कामगार वस्तीतील घराघरांत मुलांनी हट्ट धरले आणि हप्त्यांनी सायकली आल्या. नगरपालिकांनी उत्साहाने ठिकठिकाणी मातीचे ट्रॅक काढले. दशक संपता संपता लाट ओसरली. यांपैकी अनेक ट्रॅकांवर गवत वाढले, कारण ते बांधण्यासाठी तरतूद झाली होती, राखण्यासाठी नव्हती. नॉटिंगहॅमच्या कारखान्यातले सायकल-उत्पादनही 2002 च्या अखेरीस बंद पडले आणि कामगार घरी गेले. सायकली आता आशियातून येऊ लागल्या. मुलांच्या हट्टावर कारखाना चालतो; पण मुलांचा हट्ट आणि कामगाराची रोजी, दोहोंनाही बाजार सारख्याच अलिप्तपणे सोडून देतो.

या पार्श्वभूमीवर लंडनमधील पेकमची गोष्ट पाहावी. दक्षिण लंडनच्या सदर्क बरोतला हा भाग. कष्टकऱ्यांची वस्ती, कॅरिबियन आणि आफ्रिकन कुळांतील कुटुंबे मोठ्या संख्येने. वृत्तपत्रांत नाव यायचे ते बहुधा चाकू आणि टोळ्या यांच्या संदर्भात. 2004 साली मायकेल प्युसी या स्थानिक तरुणाने, ज्याला संगीताच्या क्षेत्रात सीके फ्लॅश या नावाने ओळखतात, तेथे मुलांसाठी बीएमएक्स क्लब सुरू केला. क्लब उभा करण्यात वस्तीतले आणखी पालक होते; काई व्हाइटचे वडील त्यांपैकी एक. काई तीन वर्षांचा असताना सायकलीवर बसला, तो थोरल्या भावांच्या मागे मागे. त्या भावांपैकी ट्रे व्हाइट याने 2014 च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. एका घरातून, एका वस्तीतून हे खेळाडू निघाले ते कोणा शोधसमितीने वर्गवारी करून काढले म्हणून नव्हे. शाळा सुटल्यावर मुलांना जाण्यासारखी एक जागा होती आणि तेथे त्यांची वाट पाहणारी मोठी माणसे होती म्हणून.

माणसे आधी आली, पूर्ण मापाचा ट्रॅक मागाहून आला. 2013 मध्ये बर्जेस पार्कमध्ये तो खुला झाला. या उद्यानाची कहाणी सांगितल्यावाचून पुढे जाणे बरोबर होणार नाही. महायुद्ध चालू असताना, 1943 साली, लंडनच्या पुनर्रचनेचा आराखडा पॅट्रिक ॲबरक्रॉम्बी आणि त्यांचे सहकारी फोरशॉ यांनी तयार केला. दाटीवाटीने राहणाऱ्या दक्षिण लंडनच्या कामकरी वस्त्यांना मोकळी जागा नाही, हे त्यात स्पष्टपणे मांडलेले होते. मग बॉम्बहल्ल्यांनी पडलेल्या आणि पुढे पाडलेल्या घरांच्या, कारखान्यांच्या जागा एकेक करून सार्वजनिक मालकीत घेत, जुना मालवाहू कालवा बुजवत, कित्येक दशकांत हे उद्यान तुकड्या-तुकड्यांनी जोडले गेले. बुजलेल्या कालव्यावरचा एक लोखंडी पूल तेथे अजून उभा आहे. खाली पाणी नाही, गवत आहे. 1973 साली उद्यानाला जेसी बर्जेस यांचे नाव मिळाले. कॅम्बरवेलच्या त्या पहिल्या महिला महापौर. म्हणजे आज त्या मातीच्या उंचवट्यांवरून जी पाच वर्षांची मुलगी सायकल नेते, तिच्या चाकाखालची जमीन तिच्या पणजोबांच्या पिढीने आपल्या पडलेल्या घरांतून राखून ठेवलेली आहे. जमिनीचे बाजारमूल्य पाहता लंडनच्या त्या भागात खाजगी गुंतवणुकीने सायकलींच्या ट्रॅकसाठी एक गुंठाही सोडला नसता.

लहान मुलाला या खेळात प्रत्यक्ष कसे आणतात, हेही समजून घ्यायला हवे, कारण धोरणाच्या चर्चेत नेमके तेच राहून जाते. दोन-तीन वर्षांच्या मुलाला पेडल नसलेली छोटी सायकल देतात. पायाने जमीन मागे ढकलत ते पुढे जाते, आणि कधीतरी दोन्ही पाय उचलून धरते. तोल सापडतो तो या क्षणी. (1817 साली कार्ल फॉन ड्राइस याने मानहाइमला जे आद्य दुचाकी वाहन चालवले त्यालाही पेडल नव्हते. माणसाच्या जातीने सायकल ज्या क्रमाने शिकली, त्याच क्रमाने आता मूल शिकते.) मग छोट्या चाकांची पेडलवाली सायकल येते, आणि त्यानंतर बारकी, हलक्या सांगाड्याची खरी बीएमएक्स. पहिल्या दिवशी कोणी उडी मारत नाही. उंचवटे ‘गुंडाळत’ जायचे असतात: चाके जमिनीला धरून ठेवायची, चढाला अंग सैल सोडायचे आणि उताराला हातापायांनी सायकल खाली दाबायची. हे साधले की पेडल न मारताही वेग येतो. झोका घेणाऱ्या मुलाला जे न शिकवता कळते तेच हे. कललेल्या वळणावर नजर चाकाकडे नव्हे, वळणाच्या शेवटाकडे ठेवायची. सर्वात अवघड असते ते फाटक. उतारावर, पुढचे चाक टेकवून, दोन्ही पाय पेडलवर ठेवून स्थिर उभे राहायचे. पहिल्यांदा कोणी तरी मागून खोगीर धरते. त्या धरणाऱ्या हाताने केव्हा सोडावे, हे कळणे म्हणजेच शिक्षकाचे कौशल्य.

या शर्यतींच्या रीतीतही एक चांगली गोष्ट आहे. पहिल्याच फेरीत हरलेल्याला घरी पाठवत नाहीत. परंपरेने प्राथमिक फेऱ्या तीन असतात आणि प्रत्येकाला त्या तिन्ही धावायला मिळतात. क्रमांकांची बेरीज करून पुढची निवड होते. सकाळी पडलेले मूल दुपारी पुन्हा फाटकापाशी उभे असते. बाद पद्धतीच्या स्पर्धांत ज्याला सरावाची सर्वाधिक गरज, तोच सर्वात आधी मैदानाबाहेर जातो. येथे निदान तो तरी उफराटा न्याय नाही.

मात्र यासाठी साधने लागतात. हनुवटीपर्यंत चेहरा झाकणारे हेल्मेट, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब विजार, आणि मुलाच्या मापाची सायकल. मूल वर्षा-दीड वर्षात मापाबाहेर जाते. एका कुटुंबाने हे सर्व विकत घ्यायचे आणि दर दोन वर्षांनी पुन्हा घ्यायचे असे ठरले, तर हा खेळ मध्यमवर्गीयांच्या उपनगरांत जाऊन बसणार हे उघड आहे. आणि जगात अनेक ठिकाणी तो तसा बसलाही आहे. ज्या क्लबांनी कामकरी वस्तीतील मुले धरून ठेवली, त्यांनी सायकली आणि हेल्मेटे सामाईक ठेवली. मूल हात हलवत यावे, क्लबाच्या खोलीतून सायकल घ्यावी, धूळ पुसून परत ठेवावी. महाराष्ट्रात तासाच्या भाड्याने सायकल घेऊन, नळीखालून पाय घालून सायकल शिकलेल्या पिढीला यातले मर्म समजावून सांगायला नको. त्या भाड्याच्या दुकानांनी जितक्या गरीब मुलांना सायकल शिकवली तितकी कोणत्याही क्रीडाखात्याने शिकवलेली नाही. फक्त ती दुकाने धर्मादाय नव्हती आणि खिशात नाणे नसलेला मुलगा कडेला उभा राहून पाहात असे.

सायकल सामाईक असावी हा विचार समाजवादी चळवळीला नवा नाही. 1894 साली बर्मिंगहॅमला काही तरुण समाजवाद्यांनी क्लॅरियन सायकल क्लब काढला आणि ते रविवारी खेड्यापाड्यांतून पत्रके वाटत हिंडू लागले. जर्मनीत 1896 साली ओफेनबाख येथे कामगारांचा ‘सॉलिडारिटेट’ हा सायकल संघ निघाला. 1920 च्या दशकात त्याचे तीन लाखांवर सभासद होते आणि सभासदांच्या मालकीचा सायकलींचा कारखाना होता. 1933 साली नाझींनी तो मोडून टाकला. एका सायकल-मंडळाची सत्ताधीशांना भीती का वाटावी, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी मैदानाकडे केवळ करमणूक म्हणून पाहिलेले असते.

आता विरुद्ध बाजूचा विचार. लहान मुलांना शर्यतीत उतरवावे की नाही, याबद्दल प्रामाणिक शंका घेणारे लोक आहेत आणि त्यांची शंका उडवून लावता येणार नाही. या खेळात मुले पडतात. बहुतेकदा खरचटते, कधी मनगट किंवा गळपट्टीचे हाड मोडते. वरच्या पातळीवर धोका याहून भयंकर आहे. टोकियोतच 2016 चा सुवर्णपदक-विजेता कॉनर फील्ड्स उपांत्य फेरीत पडला आणि त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. ऑस्ट्रेलियाची साया साकाकिबारा हिने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले. तिचा थोरला भाऊ हाही याच खेळातला अव्वल खेळाडू होता, पण 2020 च्या फेब्रुवारीत शर्यतीत झालेल्या अपघाताने त्याच्या मेंदूला गंभीर दुखापत झाली आणि त्याची कारकीर्द तेथेच संपली. ती स्वतः टोकियोत पडली होती. ऑलिंपिकमधील स्पर्धक आठ मीटर उंचीच्या उतारावरून सुटतात आणि लांबच्या लांब उड्या घेतात. मुलांचा उतार कमी असतो, वेग कमी असतो आणि त्यांनी उंचवटे गुंडाळून जावेत अशीच अपेक्षा असते. हा फरक कागदावर स्पष्ट आहे. प्रत्यक्षात तो पुसला जातो तो कुंपणापलीकडून. ‘उडी मार’ म्हणून ओरडणारा बाप सात वर्षांच्या मुलाला एका दुपारीत पाच वर्षे पुढे ढकलू पाहतो.

तेव्हा खरी शंका खेळाबद्दल नाही, मोठ्यांच्या घाईबद्दल आहे. कोलंबियाच्या मारियाना पाहोनने नवव्या वर्षी आपल्या वयोगटातील जागतिक विजेतेपद मिळवले. पुढे 2012 आणि 2016 अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवून तिने आपल्या देशातील हजारो मुलींना या मार्गावर आणले. तिचे कर्तृत्व थोरच. पण एका पाहोनच्या पाठीमागे नवव्या वर्षी जागतिक क्रमवारीत नापास ठरून दहाव्या वर्षी सायकल कोपऱ्यात टाकणारी मुले किती, हे कोणती संघटना मोजते? नऊ वर्षांच्या मुलाला जागतिक विजेतेपद असावेच कशासाठी?

हा प्रश्न नॉर्वेने फार पूर्वी विचारला आणि त्याचे उत्तर नियमांत लिहून ठेवले. तेथील क्रीडा महासंघाने 1987 साली बालक्रीडेचे नियम केले आणि 2007 साली मुलांच्या क्रीडाहक्कांची सनद त्यांना जोडली. या नियमांप्रमाणे अकरा वर्षांखालील मुलांच्या निकालांच्या याद्या आणि क्रमवाऱ्या प्रसिद्ध करायच्या नाहीत. तेरा वर्षांखालील मुलांसाठी राष्ट्रीय अजिंक्यपद नाही, युरोपीय वा जागतिक अजिंक्यपदही नाही. बक्षिसे द्यायची तर सर्वांना. हे नियम सर्व खेळांना लागू आहेत. एवढ्या ‘ढिलाई’ने देश पदकांत मागे पडेल, अशी भीती कोणी घातली तर हिवाळी ऑलिंपिकची पदकतालिका काढून पाहावी, पन्नास-पंचावन्न लाख वस्तीचा हा देश 2018 आणि 2022 या दोन्ही वेळी तिच्या शिरोभागी होता. हिमवर्षावाचा त्यात वाटा आहे हे मान्य. पण हिमवर्षाव इतरत्रही होतो. 1989 च्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या एकतिसाव्या कलमाने विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क मुलांना दिलेला आहे. भारताने त्या करारास 1992 साली मान्यता दिली. बीएमएक्सची जन्मभूमी असलेल्या अमेरिकेने तो करार अद्याप स्वीकारलेला नाही. कलमात शब्द ‘खेळणे’ असा आहे. जिंकणे त्यात कोठे नाही.

बेथ श्रीव्हरची हकीकत याच घाईची दुसरी बाजू दाखवते. एसेक्समधील ब्रेनट्रीच्या स्थानिक क्लबात लहानपणी ती सायकल शिकली. ब्रिटनमध्ये वरच्या दर्जाच्या खेळाडूंना पैसा मिळतो तो मुख्यतः राष्ट्रीय लॉटरीतून, आणि तो वाटणारी संस्था पदकाच्या शक्यतेवर वाटप करते. लॉटरीची तिकिटे कोणत्या वस्त्यांत जास्त खपतात हे सांगण्याची आवश्यकता नाही. 2016 च्या रिओ ऑलिंपिकनंतर या हिशेबी धोरणाने स्त्रियांच्या बीएमएक्ससाठीचा निधी बंद केला. पुरुषांचा चालू राहिला. स्त्रियांकडून पदकाची शक्यता दिसत नाही, एवढे कारण पुरेसे ठरले. श्रीव्हर तेव्हा सतरा-अठरा वर्षांची होती. तिने शाळेत मदतनीस म्हणून अर्धवेळ नोकरी धरली, पात्रता स्पर्धांच्या प्रवासखर्चासाठी लोकांकडे वर्गणी मागितली, आणि लोकांनी ती दिली. पुढे संघटनेने तिला परत सामावून घेतले आणि टोकियोत तिने जे केले ते सर्वांनी पाहिले. ज्या मुलीवर पैसा लावणे फायद्याचे नाही असा निर्णय झाला होता, तिच्या पदकाचा आकडा त्याच यंत्रणेच्या यशाच्या कोष्टकात चढला. पदकावर पैसा देणाऱ्या पद्धतीचा दोष ती कधी तरी चुकीचा अंदाज करते एवढाच नाही. पेकममधला 2004 चा दिवस तिला मुळातच दिसत नाही, हा तिचा दोष आहे. त्या दिवशी मोजण्यासारखे काही नव्हते. काही मुले होती, काही जुन्या सायकली होत्या, आणि संध्याकाळचा वेळ देणारी माणसे होती.

2010 नंतर ब्रिटनमध्ये काटकसरीच्या नावाखाली जी कपात झाली, तिच्यात स्थानिक संस्थांची युवा केंद्रे सर्वात आधी बळी पडली. कायद्याने सक्तीचा नसलेला खर्च म्हणून ती पहिल्यांदा कापली गेली. त्याच काळात बर्जेस पार्कचा ट्रॅक उभा राहिला, ही विसंगती खरी आहे, आणि तिचे श्रेय लंडन ऑलिंपिकच्या वाऱ्याला काही अंशी द्यावे लागेल. 2012 च्या स्पर्धेसाठी पूर्व लंडनमध्ये बांधलेला बीएमएक्स मार्गही मुलांना झेपेल असा बदलून 2014 मध्ये लोकांसाठी खुला झाला. परंतु वारा कायमचा नसतो. मातीच्या ट्रॅकला पाऊस लागतो. उंचवट्यांचे माथे झिजतात, वळणांच्या पायथ्याशी पाणी साचते. चांगल्या ट्रॅकवर वळणांना डांबराचा थर देतात तो यासाठीच. आठवड्यातून काही तास फावडे घेऊन उभे राहणारे हात हवेत, आणि ते हात दरवेळी स्वयंसेवकांचेच असावेत ही अपेक्षा अन्याय्य आहे. दिवसभर कामावर राबलेल्या आईबापांच्या सद्भावनेवर नगरपालिकेने आपले अंदाजपत्रक तोलायचे, याला लोकसहभाग हे नाव फार दिवस चालले आहे.

म्हणून कोणत्याही शहराने मुलांसाठी असा मार्ग काढण्याचे मनावर घेतले, तर उद्घाटनाच्या पाटीवर कोणाचे नाव असेल याची चौकशी नंतर करावी. आधी विचारावे की जमीन कोणाच्या मालकीची राहणार, आणि पंचवीस वर्षांनी ती विकायला काढता येणार नाही असे कोठे लिहिले आहे. सामाईक सायकली किती, त्यांपैकी सर्वात लहान मापाच्या किती, आणि त्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा पगार कोणत्या शीर्षाखाली पडतो. मुलींसाठी स्वतंत्र वेळ आहे काय, आणि संध्याकाळी दिवे कोण लावणार. अकरा वर्षांच्या आतल्या मुलांचे निकाल फळ्यावर लागणार असतील तर का लागणार. आणि सहाव्या वर्षी, पहिल्या कौतुकाचा बहर ओसरल्यावर, माती आणि डांबर यांसाठी किती रक्कम धरली आहे. 1980 च्या दशकातील ब्रिटिश नगरपालिकांच्या अंदाजपत्रकांत हा शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा होता. गवत त्या रकान्यातून वाढले.